सोळा रोहू आणि एक देवमासा

देवमासा मी आजपर्यंत पाहिलेला नाही. समुद्रच मुळी पाहिला तो नोकरी लागल्यावर, शाळेच्या सहलीबरोबर, आणि तेव्हाही बेचाळीस मुलं पुन्हापुन्हा मोजण्यात माझा सगळा वेळ गेला. तरी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एक महिनाभर मी देवमाशांबद्दलच बोलत होते. अकोल्यात, समुद्रापासून इतक्या लांब, की आमच्या बाजारात बोंबील यायचा तोही वाळलेला.

आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. गाव अकोल्यापासून एसटीने तासाभरावर. वडील माळकरी, घरात कांदासुद्धा एकादशीला चालत नसे. मी प्राणिशास्त्र घेतलं ते आमच्या विभागप्रमुख सरांमुळे. प्रवेशाच्या रांगेत माझे मार्क बघून ते म्हणाले, "वनस्पतिशास्त्राकडे सगळे जातात. तू इकडे ये, पुस्तकं मी देईन." त्यांनी खरंच दिली. त्यांच्या नावाचा शिक्का असलेली दोन पुस्तकं अजून माझ्याकडे आहेत. परत करायला गेले तेव्हा त्यांनी घेतली नाहीत.

त्या वर्षी दिवाळीआधी अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेचं पत्र आलं. एरवी विषय ठरलेले असत, दूरदर्शन, हुंडा, राजकारण. या वेळी विषय होता 'संशोधनासाठी देवमाशांची शिकार समर्थनीय आहे'. सूचनाफलकापुढे मुलं हसली. कापसाचं खरेदी केंद्र अजून उघडलं नव्हतं, निम्मा वर्ग वेचणीला गावी गेलेला होता, गावोगावची माणसं मोर्चे काढत होती. कोणी तरी म्हणालं, "कापसावर ठेवाचा होता ना बे विषय."

सरांनी ते ऐकलं. म्हणाले, "कापसावर सगळे बोलतात आणि सगळे एकच बोलतात. वादाला दोन बाजू लागतात."

स्पर्धेची रीत अशी होती की प्रत्येक महाविद्यालयाने दोन वक्ते पाठवायचे, एक विषयाच्या अनुकूल, एक प्रतिकूल. दोघांचे गुण मिळून फिरती ढाल. म्हणजे आपल्या जोडीदाराला खोडून काढायचं आणि त्याचं भाषण चांगलं व्हावं अशी इच्छाही धरायची. माझा जोडीदार माझ्याच वर्गातला बोरगावचा मुलगा होता, हजरजबाबी, मासे खाणारा. त्याने अनुकूल बाजू घेतली. मी प्रतिकूल घेतली, कारण ती मला सोपी वाटली. जीव मारू नये, एवढं तर आमच्या घरात रोजच सांगत.

सरांनी एका खाकी पाकिटात कात्रणं जमवली होती. त्यातून मला कळलं ते असं. व्यापारासाठी देवमासे मारायला जगभर बंदी होती, पण कराराच्या एका कलमात संशोधनासाठी मारायला सूट होती. ती सूट एक देश दरवर्षी वापरत होता. मारलेल्या देवमाशाच्या पोटातून तो काय खातो ते कळतं, कानातल्या मेणाच्या थरांवरून त्याचं वय कळतं, असं त्यांचे शास्त्रज्ञ म्हणत. अभ्यास झाल्यावर मांस बाजारात जाई. आणि करारातच लिहिलेलं होतं की मारलेला प्राणी शक्यतो वाया जाऊ देऊ नये. विरोध करणारे म्हणत, मांस हवं म्हणून संशोधन आहे. एका कात्रणात फोटो होता. लोखंडी जहाजासमोर रबराची लहान होडी, तिच्यात चार माणसं, आणि होडी मुद्दाम जहाज आणि देवमासा यांच्यामध्ये घातलेली. तो फोटो मी किती वेळा पाहिला असेन. ती चार माणसं कुठल्या गावची असतील, असं मनात येई.

आम्ही सराव करायचो तो प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, संध्याकाळी पाचनंतर. तिथे चाचा असत.

चाचा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे राहणारे, सायकलवरून येणारे. नऊ वर्षं ते रोजंदारीवर होते. बेडूक आणणं, गुंगी देणं, ट्रे धुणं, बाटल्यांतलं फॉर्मेलीन बदलणं, सगळं तेच करत. पदार्थविज्ञानाचा जुना परिचर दिवाळीत निवृत्त होणार होता आणि त्या कायम जागेवर चाचांना घ्यायचं की बाहेरचा माणूस आणायचा, हे दिवाळीनंतरच्या संस्थेच्या बैठकीत ठरणार होतं. त्यांचा अर्ज मीच लिहून दिला होता, माझं अक्षर बरं म्हणून. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सायकलच्या हँडलला न लावता, सदऱ्याच्या आत ठेवून नेला. "वो बैठक हो गई ना बेटा," ते म्हणत, "मंग मले सुट्टीचा दिवसबी पगारी होईन."

आता माशांचं सांगायला हवं.

दुसऱ्या वर्षाला रोहू माशाचं विच्छेदन असे. आमची तुकडी सोळा जणांची, चार टेबलं. अभ्यासक्रमात प्रत्येकी एक नमुना असं लिहिलेलं, म्हणून सर मागणीच्या चिठ्ठीवर सोळा लिहीत आणि चाचा शुक्रवारी सकाळी बाजारातून काटेपूर्णेच्या धरणातले सोळा ताजे रोहू आणत. कापले जात चार, फार तर पाच. बाकीच्यांना कोणी हातच लावत नसे. कोणी माळकरी घरचं, कोणाचा शुक्रवारचा उपास, कोणाला वासाने मळमळे. मग चाचा एक मासा उघडून मधल्या टेबलावर ठेवत, आम्ही लांबून बघत असू, आणि आकृती पुस्तकातून वहीत उतरवून घेत असू. खाली 'स्वतः केलेले विच्छेदन' असं लिहायचं. सर सही करत. उरलेले मासे चाचा वर्तमानपत्रात बांधून नेत. दोन पहारेकऱ्याला, दोन झाडूवाल्या बाईंना, एखादा ग्रंथालयाच्या शिपायाला, बाकीचे मोर्णेपलीकडे. शुक्रवारी संध्याकाळी चाचांची सायकल नेहमीपेक्षा लवकर निघे. हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनीच कधी तरी म्हटलं होतं, "फेकू नका, घेऊन जा."

हाही तपशील लिहायला हवा, की बेडूक मी कापला होता. गांडूळ कापलं होतं, झुरळ कापलं होतं. घरचं काही आड आलं नाही. बेडूक कोणी खात नाही, म्हणून तो कापणं म्हणजे अभ्यास. मासा लोक खातात, म्हणून त्याला हात लावला की विटाळ. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मीच ठरवून टाकलं होतं, आणि आमच्या टेबलावरच्या दोघी मैत्रिणींनीही तसंच ठरवलेलं होतं. आम्हाला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

सरावात चाचा ट्रे धूत धूत ऐकत. चौथ्या-पाचव्या दिवशी ते म्हणाले, "बेटा, एक पूछू? तो मासा त मेलाच ना. मंग त्याचं मास फेकाव म्हन्ता का तुमी?"

"त्यांनी मारूच नये, असं माझं म्हणणं आहे."

"ते ठीक हाये. पन मेल्यावर?"

मी कात्रणांचं पाकीट उघडून चाळू लागले. जोडीदार टेबलावर बसला होता, तो खाली उतरला. "चाचा, हे माह्या भाषनात टाकतो मी. हिच्याकडं याचं उत्तर नाही."

"टाक," चाचा म्हणाले. "पन जितला त मले भजे लागतीन."

अमरावतीला आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. सर, जोडीदार आणि मी. सभागृह मोठं होतं, पंखे आवाज करणारे. आम्ही बसलो आणि पाहिलं तर पहिल्या रांगेत आमचे प्राचार्य. ते विद्यापीठाच्या कामाला आलेले होते आणि आमची मुलं बोलणार म्हणून थांबले होते. सर खूश झाले. मीही झाले.

आमच्याकडे तेव्हा भाषण पाठ करण्याची पद्धत होती. सर लिहून देत, आम्ही स्वल्पविरामासकट पाठ करत असू. मुख्य भाषणाची सहा मिनिटं त्यात भागत. पण त्यानंतर खंडनाची दोन मिनिटं असत, ती उत्स्फूर्त. त्यासाठीही सरांनी तीन मुद्दे लिहून दिले होते. माशाच्या खवल्यावरच्या वलयांवरून त्याला न मारता वय कळतं, तसा देवमाशाच्या कातडीचा चिमूटभर तुकडा लांबून घेऊन पुष्कळ काही कळू शकतं, असा त्यातला मुख्य मुद्दा होता. चांगला मुद्दा होता. माझ्याआधीच्या दोन वक्त्यांनी तो सांगून टाकला.

जोडीदार माझ्या आधी बोलला. त्याने चाचांचा प्रश्न जरा मोठा करून विचारला. मेलेला जीव कुजवून फेकणं हे कोणत्या धर्मात बसतं, ज्या करारावर तुम्ही सही केली तोच सांगतो वाया घालवू नका, मग मांस विकलं तर चुकलं काय. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. मुख्य भाषण बिनचूक झालं. मग खंडनाची घंटा वाजली आणि माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. समोर सगळे थांबलेले. अशा वेळी माणसाच्या तोंडून त्याच्या सगळ्यात जवळचं असेल तेच निघतं.

मी म्हणाले, "आमच्या महाविद्यालयात माशाचं प्रात्यक्षिक असतं. सोळा विद्यार्थ्यांसाठी सोळा मासे येतात. कापले जातात चार. बारा मासे परिचराच्या पिशवीतून घरी जातात, आणि त्या दिवशी चार घरी रस्सा होतो. मांस वाया गेलं का, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की सोळा हा आकडा कोणी ठरवला, अभ्यासाने की रश्श्याने? देवमाशांच्या बाबतीत मी एवढंच विचारते. आकडा कोण ठरवतं?"

सभागृह हसलं. मग टाळ्या वाजल्या, बराच वेळ. परीक्षकांपैकी एक मान हलवत काही तरी लिहीत होते. मी खाली बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते. सर माझ्याकडे बघत नव्हते. त्याचा अर्थ त्या क्षणी माझ्या लक्षात आला नाही.

ढाल आम्हाला मिळाली. मला वैयक्तिक पहिलं.

त्यानंतर आयोजकांनी सगळ्या स्पर्धकांची फेरी काढली. एक मोठा कापडी फलक, त्यावर 'देवमासे वाचवा', आणि खाली चित्र. चित्र काढणाऱ्याने देवमाशाला खवले काढले होते. देवमासा मासा नाही, तो पिलांना दूध पाजतो, त्याला खवले नसतात, हे मी जोडीदाराला सांगितलं. तो म्हणाला, "आता राहू दे, रंग वाळला."

जिल्हाधिकारी कचेरीपुढे निवेदन द्यायचं होतं. फाटकाशी कास्तकार मंडळी धरणं धरून बसली होती, कापसाचं खरेदी केंद्र उघडा म्हणून. दीड-दोनशे माणसं, उन्हात, रुमाल डोक्यावर. आमची फेरी त्यांच्यासमोर येऊन थांबली, कारण पुढे जायला जागा नव्हती. पांढऱ्या मिशांचे एक आजोबा फलकाकडे बराच वेळ बघत होते. त्यांनी मला विचारलं, "हा कोनता मासा वं पोरी?"

"देवमासा. समुद्रातला."

"त्याले काय झालं?"

"मारून राहिले त्याले."

"खायाले?"

"नाही, अभ्यासासाठी मारतो म्हणतात."

"अन् मंग खात नाहीत?"

"खातात."

आजोबांनी शेजारच्याकडे पाहिलं. "मंग अभ्यास काह्याचा," ते म्हणाले. शेजारचा म्हणाला, "आपला बी अभ्यासच करून राहिले ना कमिटीवाले." दोघं हसले. मग आजोबांनी सरकून जागा केली. "बसा. सायेब जेवाले गेले."

आम्ही बसलो. अर्ध्या तासाने एक कारकून बाहेर आला. त्याने आधी त्यांचं निवेदन घेतलं, मग आमचं, आणि दोन्हीवर एकच शिक्का मारला.

परतीच्या एसटीत बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा जोडीदार खाली उतरून खिडकीशी चहा घेऊन आला. मला ग्लास देताना म्हणाला, "जितलो त खरं. पन प्रिन्सिपल होते ना वं तिथं."

"मग?"

"तू चाचाचं नाव घेतलं."

"नाव नाही घेतलं. परिचर म्हणाले."

"आपल्याकडं परिचर किती हायेत?"

मी चहा घेतला नाही. ग्लास खिडकीतून तसाच परत दिला.

सोमवारी प्राचार्यांनी मागणीच्या चिठ्ठ्यांची फाइल मागवली. मंगळवारी चाचा प्रयोगशाळेत नव्हते. ते फाटकाजवळ बागेच्या कामाला लावलेले दिसले. संस्थेची बैठक पुढच्या आठवड्यात होती. चौकशी लांबली तर अर्ज बाजूला पडेल आणि बाहेरच्या माणसाला जागा मिळेल, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. बुधवारी शिपायाने मला बोलावलं. प्राचार्य रागावलेले नव्हते. म्हणाले, "तुम्ही जाहीरपणे बोललात ते कागदावर लिहून द्या. शुक्रवारपर्यंत."

जोडीदाराचा सल्ला सरळ होता. "लिही का भाषनाच्या ओघात बोलले, खरं नाही. झालं. स्पर्धेत कोन खरं बोलते?"

त्याने चाचा वाचले असते. मला तेही चालेल असं वाटत होतं, फक्त ते लिहायला हात उचलत नव्हता. सगळे भाषणं पाठ करत होते आणि मी एकच गोष्ट मनाने बोलले होते, आणि तीच खोटी होती असं लिहायचं. दुसरीकडे, बोलले तेवढंच लिहिलं तर सोळा, चार आणि बारा हे आकडे कागदावर राहणार होते आणि त्यांच्याखाली एका रोजंदार माणसाची पिशवी.

मी दुपारी फाटकाशी गेले. चाचा कोरांटीची छाटणी करत होते. मला बघून त्यांनी कात्री खाली ठेवली.

"चाचा, मी लिहून देते की खोटं बोलले."

"काहून? झूट बोलली का तू?"

"नाही."

"मंग?" त्यांनी रुमालाने हात पुसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "बेटा, तू झूट नाही बोलली. अर्धं बोलली. बारा मासे घरी गेले, ते सांगतलं. पन बारा काहून उरले, ते कोन सांगन?"

मी खाली पडलेल्या फांद्या गोळा करू लागले.

"तुमच्या तुकडीचं एकबी पोट्टं मले म्हने, चाचा, माया मासा मले द्या, मी कापतो, त मी काय घरी नेला असता? मी त दर शुक्रवारी सोळा चाकू धुवून ठेवत होतो. सोळा." मग ते पुन्हा छाटणीला लागले. पाठमोरेच म्हणाले, "भजे राहिले तुमच्याकडचे."

वसतिगृहात जाऊन मी प्रात्यक्षिकाची वही काढली. रोहूची पचनसंस्था, पान पूर्ण. रेषा स्वच्छ, नावं डावीकडे एका ओळीत. खाली 'स्वतः केलेले विच्छेदन', त्याखाली सरांची सही, दहापैकी नऊ. ज्या माशाला मी बोट लावलं नव्हतं त्याचे नऊ गुण. परीक्षेत वही रद्द झाली तर प्रात्यक्षिकच बाद होणार होतं, आणि वर्ष गेलं तर मला घरून दुसरं वर्ष मिळणार नव्हतं. धाकटा भाऊ बारावीला होता. हे घरात कोणी बोललेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

मी लिहिलं. अर्धं पान झालं. सोळा मासे आले ते अभ्यासक्रमाप्रमाणे. चार कापले गेले, कारण माझ्यासह अनेकांनी कापले नाहीत. माझी आकृती पुस्तकातून उतरवलेली आहे, तिच्याखालचं विधान खरं नाही. उरलेले मासे आमच्यामुळे उरले. परिचरांनी एकही मासा जादा मागितलेला नाही. दुसऱ्या कोणाचं नाव मी लिहिलं नाही. चाचांचा अर्ज लिहिला होता त्याच शाईच्या पेनाने आणि त्याच अक्षरात लिहिलं. देण्याआधी सरांना दाखवलं, कारण सही त्यांची होती.

सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. "अमरावतीहून आल्यापासून मी हेच लिहायचं म्हणतोय," ते म्हणाले. "माझ्या नोकरीची आणखी चार वर्षं आहेत, म्हणून बसलो होतो." मग त्यांनी माझ्या कागदाखाली एक ओळ लिहिली, मागणीचा आकडा मी ठरवत होतो, उरलेले मासे नेण्याची तोंडी परवानगी माझी होती. आणि सही केली. मी त्यांच्याकडून जे काही शिकले त्यात ही एक ओळही धरते.

प्राचार्यांनी निर्णय शनिवारीच दिला. चौकशी बंद. ज्यांच्या आकृत्या पुस्तकातल्या होत्या त्यांनी आपणहून सांगावं, सर्वांचं प्रात्यक्षिक पुन्हा होईल, आधीचे गुण रद्द. तिसरी अट अशी की यापुढे प्रयोगशाळेतून कोणताही नमुना, कापलेला वा न कापलेला, बाहेर जाणार नाही. फॉर्मेलीन ओतून तो जमिनीत पुरून टाकायचा.

आपणहून सांगणारे अकरा निघाले. त्यातल्या दोघी माझ्याशी वर्ष संपेपर्यंत बोलल्या नाहीत.

पुन्हा प्रात्यक्षिक झालं तेव्हा चाचा प्रयोगशाळेत परत आलेले होते. त्यांनी माझ्यापुढे ट्रे ठेवला, त्यात मासा, शेजारी चाकू. मासा गार होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा जड. पोटाखालून चीर द्यायची असते, शेपटीकडून डोक्याकडे. पुस्तकातल्या आकृतीत आतडं तीन वळणांचं असतं, खरं आतडं मोजता येणार नाही इतकी वळणं घेऊन बसलेलं असतं. मी ते सोडवत गेले. तासभर लागला. आकृती वाकडी आली. दहापैकी सहा.

त्या दिवशी सगळे मासे कापले गेले, पण अर्ध्याहून जास्त मांस तसंच होतं. नियमाप्रमाणे चाचांनी सगळे ट्रे एका बादलीत रिकामे केले आणि वर फॉर्मेलीन ओतलं. डोळ्यांना झोंबणारा तो वास. झाडूवाल्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. चाचा म्हणाले, "हे झालं बेटा तुमचं संशोधन. कोनाच्याच पोटात नाही गेलं." त्यात टोमणा होता की नव्हता, मला ठरवता आलं नाही. जोडीदारानेही बादलीकडे पाहिलं आणि या वेळी भाषणात टाकतो असं म्हणाला नाही.

सुट्टीत घरी गेले तेव्हा जेवण झाल्यावर मी वडिलांना सांगून टाकलं, की कॉलेजात मासा कापला. ते सुपारी कातरत होते.

"कापला का खाल्ला?"

"कापला."

"मंग?"

"माळकरी घरचं ना आपण. म्हणून आधी हात लावत नव्हते."

"तुले कोन सांगतलं, हात नोको लावू म्हनून?"

"कोणी नाही."

"शिकाले पाठवलं तुले," ते म्हणाले आणि सुपारी कातरत राहिले. "इचाराचं होतं."

संस्थेची बैठक त्या सुट्टीआधीच, ठरल्या दिवशी, झाली होती. चाचांचा अर्ज मंजूर झाला, जागा कायम आणि काम आमच्याच प्रयोगशाळेत, हे आम्हाला शिपायाकडून कळलं. जोडीदार आणि मी चौकातून भजी आणली. चाचांनी ती झाडूवाल्या बाई, पहारेकरी आणि ग्रंथालयाचा शिपाई यांच्यात वाटली, जसे मासे वाटत तशीच, आणि स्वतः दोन खाल्ली.

देवमाशांचा वाद त्यानंतरही चालूच राहिला. वर्तमानपत्रात कधी बातमी आली की मी कापून ठेवते. जहाजं जात होती, रबरी होड्याही जात होत्या. दोन्ही बाजूंचे लोक आकडे सांगतात. ते आकडे खरे की खोटे हे मी इथून कसं सांगणार. पण बातमी वाचताना त्यातलं उरलेलं अर्धं कुठे आहे, हे मी शोधते.

पुढच्या वर्षी आम्ही तिसऱ्या वर्षाला गेलो आणि दुसऱ्या वर्षाची नवी तुकडी आली. एका शुक्रवारी मी प्रयोगशाळेत पुस्तक परत करायला गेले होते. टेबलावर सरांची मागणीची चिठ्ठी पडली होती. रोहू, चार. शेजारी सरांनी लिहिलं होतं, प्रत्येक टेबलास एक, चौघांनी मिळून कापावा, फक्त काटे उरेपर्यंत. चाचा चार चाकू धुवून ओळीने मांडत होते. मी आता काही विचारणार हे त्यांनी ओळखलं असावं.

"आता शुक्रवारी आमच्याकडं वांगे," ते म्हणाले.